किनारीचा दोरा

"डावीकडं घे, डावीकडं! घासली तर बघ तुझं!" गंगाधर शेठ मागच्या सीटवरून ड्रायव्हरवर ओरडत होते, आणि त्यांची काळी कुळकुळीत नवी गाडी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये इंचाइंचानं शिरत होती. मी पाण्याचा पाइप धरून उभा होतो. शेठ उतरले, पांढऱ्या सफारीवरची नसलेली धूळ झटकली, माझ्याकडं बघितलं आणि मला ओळखलं नाही.

ओळखायचं कारणही नव्हतं. त्यांनी मला एकदाच पाहिलं असेल, दोन वर्षांपूर्वी, नायनांना घ्यायला कारखान्याच्या फाटकात गेलो होतो तेव्हा. मी मात्र त्यांना रोज बघत होतो. जेवताना, आंघोळ करताना, लोकांच्या गाड्यांच्या चाकांतला चिखल काढताना. हा माणूस एक दिवस माझ्या हातात सापडू दे, एवढं एकच मागणं मी देवाकडं मागत असे. आणि खंडेनवमीच्या सकाळी देवानं तो आणून समोर उभा केला.

नायना म्हणजे माझे वडील. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. बापाला नायना म्हणतो, आईला अम्मा, लेकराला बिड्डा. राजय्या जॉबर म्हटलं की सोलापूरच्या टॉवेलवाल्यांत नायनांना कुणीही ओळखायचं. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. गंगाधर शेठच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं ते काम केलं. शेठना गाड्यांचा भारी शौक, आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की धुतलेल्या गाडीवर थेंब वाळला की पांढरा ठिपका उठलाच. शेठ रोज ड्रायव्हरच्या नावानं शंख करायचे. ते ऐकून ऐकून नायनांच्या डोक्यात किडा शिरला. पाळी संपली की एका जुन्या मागावर ते झटत बसायचे. सहा महिने त्यांचं हेच चाललं होतं. कमी पिळाचं मऊ सूत, एका बाजूला उंच फासे, म्हणजे टॉवेलवर उभी असतात ती सुताची वेटोळी, दुसऱ्या बाजूला आखूड. पाण्यावर नुसता पसरला तरी पाणी ओढून घेईल आणि रंगाला कळणारही नाही, असा टॉवेल त्यांनी काढला आणि पहिला नमुना कौतुकानं शेठच्या हातात ठेवला.

शेठ तो मुंबईच्या प्रदर्शनात घेऊन गेले आणि बक्षीस घेऊन परत आले. चौकटीतल्या कागदावर रचनाकार म्हणून त्यांच्या मुलाचं नाव होतं. त्या मुलानं जन्मात मागाला हात लावला नव्हता. कारखान्यात पेढे वाटले, त्यांतला एक त्यांनीही खाल्ला. पण त्याच दिवशी विक्रीसाठी शिवून आलेले टॉवेल टेबलावर मांडले होते. नायनांनी त्यांतला एक उचलला, किनारीवरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "शेठ, ह्या किनारीचं एक सांगायचं होतं."

"जॉबरनं माग बघायचा," शेठ म्हणाले. "सांगितलं तेवढं करायचं. तोंड उघडायचं नाही." आणि त्यांच्या हातातला टॉवेल हिसकून त्यांच्याच तोंडावर फेकला.

दुसऱ्या दिवसापासून नायना घरी बसले. हा माणूस डिझाइन चोरतो, असं शेठनी बाकीच्या कारखानदारांच्या कानात घातलं, त्यामुळं दुसरी दारंही बंद झाली. मी पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षात सोडलं आणि होटगी रोडवर हमीदभाईंच्या वॉशिंग सेंटरवर लागलो. नायना भिंतीला टेकून बसायचे आणि अर्धं राहिलेलं ते वाक्य रोज कुणाला तरी पूर्ण करून सांगायचे. अम्माला, शेजाऱ्याला, दूधवाल्यालासुद्धा. मला ते तोंडपाठ झालं होतं.

तर, शेठ उतरले. त्यांच्यामागून चष्मा लावलेले, सडपातळ, मऊ बोलणारे एक गृहस्थ उतरले. ते पुण्याचे जहागीरदार. गाड्यांच्या शोरूमना साबण, पॉलिश, पुसायची फडकी असला माल पुरवणारे. शेठनी त्यांना मुद्दाम मागांच्या पूजेला बोलावलं होतं, आणि पूजेआधी गाडी धुण्याच्या निमित्तानं आपला टॉवेल दाखवायचा बेत केला होता. कारखान्याचं गोदाम त्या टॉवेलांनी भरलेलं होतं. जहागीरदार हो म्हणाले असते, तर तो टॉवेल महाराष्ट्रभर गेला असता.

"साहेब, आज तुमच्या डोळ्यांदेखत बघा," शेठ म्हणाले. "मग बोला."

जहागीरदारांनी बॅगेतून एक पिवळं, मऊ चामड्याचं फडकं काढलं. "पंधरा वर्षं मी हे विकतोय, शेठ. ओली गाडी पुसायला याच्यापेक्षा चांगलं काही असेल तर दाखवा. मी उद्यापासून ते विकीन."

"मी सगळं करून बघितलंय, साहेब," आमचे हमीदभाई मध्येच म्हणाले. त्यांना हा विषय म्हणजे जीव की प्राण. "धोतर बघितलं, बनियन बघितलं. हवेचा पाइप मारून बघितला. हवा फटीतलं पाणी काढती, पत्र्यावरचं नुसतं हिकडनं तिकडं पळवती. उन्हात सोडली तर ठिपके. चामडं चांगलं, पण मधेमधे पिळत बसावं लागतं. आणि कशानं बी पुसा, घासायचं नाही. गाडी म्हंजे काय भांडं हाय व्हय? पसरायचं, दाबायचं, उचलायचं. अंबादास, सांग की."

मी मान हलवली. पहिल्या दिवसापासून हमीदभाईंनी मला हेच शिकवलं होतं.

मी गाडी धुतली. एरवीपेक्षा चांगली धुतली, हे कबूल करतो. साबणाचा फेस उतरला, काळ्या रंगावर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहिले. शेठनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक कोरा टॉवेल काढून माझ्या अंगावर टाकला. मी तो झेलला.

फासे तेच होते. नायनांचे. हात फिरवला आणि मला घरातल्या खुंटीवरचा तो जुना नमुना आठवला. मग अंगठा किनारीवर आला आणि तिथं थांबला. किनार चकचकीत नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेली होती, कडक, टोचणारी.

नायनांचं वाक्य असं होतं: शेठ, ह्या किनारीचं एक सांगायचं होतं, ही नायलॉननं शिवू नका, सुतानं शिवा, नायलॉन दिसायला छान आणि तुटत नाही, पण ओल्या रंगावरून तो सुरीसारखा चालतो, सगळ्या टॉवेलची इज्जत घालवेल. बस, एवढंच. हे ऐकायला शेठला वेळ नव्हता, आणि दोन वर्षांनंतरही गोदामभर माल त्याच दोऱ्यानं शिवून तयार होता.

मी काही ठरवलं नव्हतं. हाताला सवय होती म्हणून मी चारही किनारी आत दुमडल्या. गाडीच्या टपाचा डावा अर्धा भाग जहागीरदारांनी स्वतः चामड्यानं पुसला. दोनदा पिळलं, तिसऱ्यांदा पुसलं. उजव्या भागावर मी टॉवेल पसरला, तळव्यानं दाबला, हळूच ओढून उचलला. एकदाच.

जहागीरदारांनी चष्मा वर केला आणि टपावरून उलटा हात फिरवला. मग खिशातला रुमाल काढून फिरवला. रुमाल कोरडा.

"वा!" ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. "एका हातात? शेठ, हे डोकं कुणाचं?"

आता तरी हा माणूस नाव घेईल, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, खरंच वाटलं.

"आमच्या चिरंजीवाचं," शेठ म्हणाले. "लहानपणापासून त्याला असलंच वेड. आज पूजेला भेटेल की तुम्हाला."

जहागीरदार कौतुकानं हसले आणि माझ्याकडं वळले. "तुम्ही रोज गाड्या पुसता. तुमचं मत मला जास्त महत्त्वाचं. खरं सांगा, या टॉवेलमध्ये काही खोट आहे का?"

"त्याला काय विचारता, साहेब?" शेठ खो खो हसले. "सांगितलं तेवढं करायचं, एवढंच येतं ह्या लोकांना."

जहागीरदार हसले नाहीत. ते माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले. मी शेठकडं बघितलं. सोन्याची अंगठी, पान खाऊन रंगलेले ओठ, आणि तेच वाक्य.

"काही खोट नाही, साहेब," मी म्हणालो.

"मग आता बॉनेट घे," शेठ म्हणाले. "आणि असं आजारी माणसाचं अंग पुसल्यासारखं काय पुसतोस बे? घास की जोरात! चमक दिसू दे साहेबांना."

"शेठ, घासू नका हो—" हमीदभाई पुढं आले.

"गाडी माझी, टॉवेल माझा. तुम्ही गप बसा."

"कसं पुसू, शेठ?" मी विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "जोर लावून?"

"जोर लावून!"

मी टॉवेल झटकला. दुमडलेल्या चारही किनारी मोकळ्या केल्या, चौघडी घालून दोरा बरोबर खाली आणला, आणि अंगातलं सगळं बळ लावून बॉनेट घासायला घेतलं. गोल गोल. हमीदभाईंनी तोंड फिरवलं. मी मात्र मोजून एकेक जागा घेतली. हा नायनांच्या तोंडावर फेकलेल्या टॉवेलचा. हा त्या चौकटीतल्या कागदाचा. हा माझ्या पॉलिटेक्निकचा. हा अम्मानं शेजारणीकडं मागून आणलेल्या तांदळाचा. हाताखाली दोरा बारीक करकरत होता. तेवढा गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही ऐकला नाही.

दारंही घासली. शेठ मागं उभे राहून "अस्सं!" म्हणत होते.

शेडमध्ये सावली होती. सावलीत काळा रंग नुसता काळा दिसतो. मी टॉवेल पिळून खांद्यावर टाकला आणि अदबीनं म्हणालो, "शेठ, बाहेर उन्हात घेऊ का? चमक नीट दिसेल साहेबांना."

"घे, घे!"

ड्रायव्हरनं गाडी बाहेर काढली. हार घेऊन फुलवाला आलाच होता. अकराचं ऊन बॉनेटवर पडलं आणि ओरखड्यांचं जाळं चमकायला लागलं. गोल गोल, एकात एक अडकलेले शेकडो ओरखडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दारांवरही तेच. फक्त टप तेवढा आरशासारखा होता, पण टपाकडं बघतो कोण?

हार फुलवाल्याच्या हातातच राहिला. शेठचं तोंड उघडं पडलं. मग ते माझ्यावर धावून आले. "काय केलंस रे हरामखोरा? काय लावलंस टॉवेलला?"

"काही नाही लावलं. तुमचा टॉवेल, तुमच्या पिशवीतला."

"मग आधी बोलायला काय झालं होतं? हाताला कळत नव्हतं?"

याच प्रश्नासाठी मी दोन वर्षं जगलो होतो. मी खांद्यावरचा टॉवेल काढला. तो त्यांच्या तोंडावर फेकायचं माझ्या फार मनात होतं, पण मी तो नीट घडी घालून त्यांच्या हातात दिला.

"मी राजय्या जॉबरचा मुलगा," मी म्हणालो. "सांगितलं तेवढं करायचं. तोंड उघडायचं नाही. तुम्हीच शिकवलंय, शेठ."

त्यांनी हात उचलला. हमीदभाई मध्ये आले. "माझ्या माणसाला हात लावायचा नाही. जोर लाव म्हणून तुम्ही बोललाव. हितं सगळ्यांनी ऐकलंय."

जहागीरदार बॉनेटवर वाकून बघत होते. त्यांनी नखानं एक ओरखडा चाचपला, सरळ झाले आणि चामड्याचं फडकं घडी करून बॅगेत ठेवलं. "शेठ, पाणी ओढायला टॉवेल उत्तम. पण शेवटी कापड ते कापडच. माझ्या गिऱ्हाइकाच्या गाडीचं असं झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? नको, हा टॉवेल कामाचा नाही." पूजेला न थांबता ते रिक्षानं थेट स्टेशनवर गेले.

संध्याकाळी मी जिलेबी घेऊन घरी गेलो. नायनांनी पाटावर आपला पाना, कात्री आणि पक्कड मांडून त्यांची पूजा केली होती. माग नव्हता, म्हणून हत्यारांवरच हळद-कुंकू. मी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगायला सुरुवात केली. अम्मा चुलीजवळून उठून आली.

"पाणी किती ओढलं?" नायनांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"एका हातात. जहागीरदारांनी रुमाल फिरवला, तो कोरडा."

नायनांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं, दोन वर्षं पुसली गेली. "मी सांगत नव्हतो? सूत तसं होतं, बिड्डा. पुढं?"

मी पुढचं सांगितलं. किनारी कशा मोकळ्या केल्या, कसा घासला, उन्हात काय दिसलं, शेठचा चेहरा कसा पडला. अम्मा हसली. मी शेठची नक्कल करून दाखवली तेव्हा तर तिनं पदर तोंडाला लावला. नायना हसत नव्हते.

"ते पुण्याचे साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, टॉवेल कामाचा नाही. गेले निघून!"

"टॉवेल? का किनार?"

"टॉवेल."

"किनारीचं तुला विचारलं नाही त्यांनी?"

"विचारलं की. काही खोट आहे का, म्हणाले. मी म्हटलं, काही नाही."

नायनांनी पाटावरचा पाना उचलला आणि परत जागेवर ठेवला. अम्मानं जिलेबी ताटलीत काढली, ती तशीच राहिली.

"दोन वर्षं मी ते वाक्य भिंतीला सांगतोय," ते म्हणाले. "ऐकणारा माणूस तुझ्यासमोर उभा होता. तोंडानं विचारत होता. आणि तू गप्प राहिलास?"

"नायना, त्यानं तुमचं नाव नाही घेतलं! मुलाचं घेतलं!"

"नाव त्याच्या मुलाचं असू दे. टॉवेल तर माझा होता."

मी चिडलो. तुमच्यासाठी केलं आणि तुम्हीच मला बोलता, असं काहीबाही ओरडलो आणि बाहेर निघून गेलो. त्यांना माझी बाजू कधी कळलीच नाही, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो.

शेठचं फार काही बिघडलं नाही. गाडीला नवा रंग मारला, चादरींचा धंदा होताच. गोदामातले टॉवेल त्यांनी किलोवर फुंकून टाकले, आणि दिवाळीच्या आत मंगळवार बाजारात ते ढिगानं आले. फरशी पुसायला बरे म्हणून बायकांनी हातोहात उचलले. अर्ध्या सोलापूरनं त्या दिवाळीला नायनांच्या टॉवेलनं फरशा पुसल्या. कशाचा टॉवेल, कुणाचा टॉवेल, हे अम्मालाही कळलं नाही. तीही एक घेऊन आली आणि ओला करून उंबऱ्यात पाय पुसायला टाकला.

नायना बाहेरून आले आणि उंबऱ्याशी थांबले. वाकले, टॉवेल उचलला, अंगठा फाशांवरून फिरवून बघितला. तो स्वच्छ धुतला, वाळवला, मग दारात बसून ब्लेडनं किनारीचा नायलॉनचा दोरा एकेक टाका करून काढला. दोन दिवस लागले. नंतर सुताच्या दोऱ्यानं, हातानं, चारही बाजू शिवून काढल्या. तिसऱ्या दिवशी मी कामाला निघालो तेव्हा तो टॉवेल माझ्या डब्याच्या पिशवीत घडी करून ठेवलेला होता.

त्या दिवशी पहिली गाडी एका डॉक्टरांची आली, गडद निळी. मी धुतली, टॉवेल पसरला, दाबला, उचलला. एक थेंब राहिला नाही. मुद्दाम गाडी उन्हात नेली आणि बॉनेटवर वाकून वाकून बघितलं. एक ओरखडा नव्हता.

डॉक्टरही बघत होते. "छान आहे हो टॉवेल," ते म्हणाले. "कुठं मिळतो?"

शेठला मी आजही माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण त्या प्रश्नाला जे उत्तर द्यावं लागलं, ते त्या माणसानं नाही, मीच माझ्या तोंडात घातलं होतं.

"मंगळवार बाजारात," मी म्हणालो. "फरशी पुसायच्या फडक्यांत बघा."